पहिला की दुसरा

वांगं भाजल्याचा वास आला की मला इलिनाबाई आठवतात. परदेशात, एटोबिको नावाच्या उपनगरात, मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. रुमानियाहून आलेल्या या बाईंनी तरुणपणी एक अवघड कादंबरी रुमानियनमध्ये आणली होती, पानपानभर न थांबणाऱ्या वाक्यांची. तो अनुवाद त्यांना कच्चा वाटायचा, म्हणून निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्या तोच पुन्हा करत बसल्या होत्या.

एका दुपारी बॅकयार्डात बार्बेक्यूवर वांगी भाजता भाजता त्यांनी मला एकच उतारा दोन प्रकारे वाचून दाखवला. "तुला भाषा येत नाही, म्हणूनच विचारते. कानाला कुठला बरा वाटतो?"

मी म्हटलं, "पहिला."

पहिला तरुणपणीचा होता. त्या बोटं पोळत असतानाही वांग्याची जळकी साल सोलत राहिल्या.

तेव्हा मला वाटलं, रागावल्या असतील. आता मीही तसलंच एक पुस्तक मराठीत दुसऱ्यांदा करतेय. आज स्वयंपाक करताना लेकीला दोन्ही खर्डे वाचून दाखवले.

"बोथ आर नाइस, आई," फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली.

इलिनाबाईंना निदान उत्तर तरी मिळालं होतं.