तांब्याच्या कढईतला हिरवा

त्या गोळ्यांचा हिरवा रंग टिकला, याचा मला आठवडाभर आनंद होता. पुढे त्याच टिकलेल्या रंगाची जी भीती वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

लोणावळ्यात आमचे चिक्कीचे आणि जेलीचे दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या अंगाला भट्टी. वडिलांच्या हाताखाली मी तिथेच पाक बघायला शिकलो. मागच्या वर्षी तळेगावच्या एका लहानशा उद्योगाने आमच्याकडे विचारणा केली. जीवनसत्त्वे घातलेल्या, मुलांनी चघळून खाव्यात अशा मऊ गोळ्या त्यांना करून हव्या होत्या. बाजारात त्यांना गमी म्हणतात. अट एकच होती. रंग हिरवा हवा आणि तो पानांतल्या हरितद्रव्याचाच हवा. तांबे घालून पक्का केलेला, मोजून मापून तयार मिळणारा हिरवा रंगही बाजारात असतो, पण तो त्यांना चालणार नव्हता. वेष्टनावर त्यांना फक्त पानाचे नाव छापायचे होते.

ते हरितद्रव्य लसूणघासाचे निघाले. गडद हिरवी, ओल्या चाऱ्याच्या वासाची ती पूड भट्टीवर उघडली, तेव्हा टाकव्याहून कामाला येणाऱ्या मावशी वाकून वास घेऊन म्हणाल्या, "भाऊ, ह्यो तर घास हाय. आमी म्हशीला घालतो."

"आता माणसांच्या मुलांना घालायचा आहे, मावशी."

"म्हस निदान दूध तरी देती. पोरं काय देणार?"

सगळे हसले. मीही हसलो. आमच्या भट्टीवर त्या काळात हसण्यासारखे तेवढेच होते, कारण रंग काही केल्या टिकेना. स्टीलच्या पातेल्यात साखर, जेली घट्ट करणारे पेक्टिन आणि हरितद्रव्य एकत्र होईपर्यंत सगळे सुरेख दिसे. शेवटी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आमच्या बोलीतले लिंबूफूल पडले, की हिरवा रंग डोळ्यांदेखत मरायचा. आधी पिवळट व्हायचा, मग मळकट तपकिरी. आणि लिंबूफूल टाळता येत नव्हते, कारण आंबटपणाशिवाय पेक्टिन धरत नाही.

"शेणाचा रंग झाला की, भाऊ," मावशी म्हणायच्या, आणि मग माझी समजूत घालावी तसे, "जाऊ द्या. म्हशीचंच हाय समदं."

मी लिंबूफूल कमी करून पाहिले, आच कमी करून पाहिली. पाकाच्या तारेवरून तो किती वेळात खाली उतरवायचा हे सांगणाऱ्या माणसाला एक रंग आवरत नाही, हे मला लागत होते. त्यातच सलग सुट्ट्या आल्या, गिऱ्हाईक वाढले आणि स्टीलची मोठी पातेली चिक्कीच्या पाकाला गुंतली. मी माळ्यावरून वडिलांची तांब्याची कढई काढली, चिंच-मीठ लावून लखलखीत घासली आणि तीत गोळ्यांचा घाणा लावला.

त्या दिवशी रंग टिकला. लिंबूफूल पडले तरी टिकला. तासाभराने साच्यांतून गोळ्या निघाल्या, त्या पोपटी, काचेसारख्या, उजेडात धरल्या तर आरपार चमकणाऱ्या. मी एक तोंडात टाकली. गोडाच्या मागून एक बारीकशी कडसर चव आली. पानाची चव असणार, असे मी स्वतःला सांगितले आणि दुसरी खाल्ली नाही. आज आठवतो तेव्हा त्या क्षणापाशी मी अडतो. जिभेने माझ्याकडे तक्रार केली होती. मी ती ऐकली आणि बाजूला ठेवली, कारण डोळे खूश होते.

नमुना तळेगावला गेला. त्याच फेरीत एक बरणी मी मुलीच्या घरी दिली. मुलगी, जावई आणि बालवाडीत जाणारी माझी नात तिथे स्टेशनजवळच्या सोसायटीत राहतात. वरणात पालकाचे एक पान दिसले तरी ताटाकडे पाठ फिरवणारी ही पोर त्या गोळ्यांवर मात्र लगेच भाळली.

"आजोबा, हे कशाचं केलंय?"

"गवताचं."

"खोटं! गवत असं गोड नसतं!"

तिच्या आईने रोज सकाळी दुधाबरोबर एक द्यायची असे ठरवले. मी परत आलो तेव्हा फार समाधानी माणूस होतो.

आठवड्याने दुपारी आम्ही दोघे जेवायला बसलो होतो. बायकोने ताकाची कढी केली होती. तिने पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"खाऊ नका. कढी कळकलीय."

"कळकली?"

"पितळेच्या पातेल्यात केली आज. कल्हई उडालीय त्याची. कितीदा म्हटलं, कल्हईवाला दिसला तर हाक मारा. तुम्हाला दिसतंय काय पाकापलीकडे?" तिने पातेले तिरके करून दाखवले. कडेला, ताक जिथवर चढले होते तिथे, हिरवट रेघ होती.

कळकणे हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात राहिला, की धातू त्यात उतरतो. पदार्थाला एक कडू, जीभ आकसणारी चव येते आणि तो खाण्याच्या लायकीचा राहत नाही. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मग मी विसरलो कसा? याचे उत्तर मला त्या ताटावरच मिळाले, आणि ते मला लाजवणारे होते. मी विसरलो नव्हतो. साखरेच्या पाकाला उघडे तांबे चालते, आमच्या धंद्यात ते उत्तमच मानतात. आणि गोळ्या माझ्या लेखी गोड पदार्थ होत्या. ज्याला आयुष्यभर गोड म्हटले, ते आंबटही असू शकते, हे हलवायाच्या डोक्यात शिरत नाही. लिंबूफूल मी स्वतःच्या हाताने मोजून घातले होते आणि तरी तो पदार्थ मला आंबट वाटला नव्हता.

हिरवा रंग माझ्या हाताच्या कसबामुळे टिकला नव्हता. पुढे पूड पुरवणाऱ्यांनी समजावले, की हरितद्रव्यातले मॅग्नेशियम आंबटाने सुटून जाते म्हणून पानाचा रंग मरतो, आणि त्या रिकाम्या जागी तांबे बसले की तो पक्का होतो. पण त्या दुपारी मला एवढे शास्त्र लागले नाही. पातेल्याच्या कडेची हिरवट रेघ मला पुरेशी होती. नात आठवडाभर रोज माझ्या कढईतले तांबे खात होती.

मी फोन लावला. मुलीचा आवाज थकलेला होता.

"बरं झालं तुम्हीच केलात, बाबा. सकाळपासून पोट दुखतंय म्हणतेय. शाळेत पाठवलं नाही. आणि शी अगदी हिरवीगार झाली. मी जरा घाबरलेच."

उलटी झाली का, असे मी विचारले. नाही, ती म्हणाली. गोळ्या दिल्यास का? हो, सकाळी एक दिली, बरणी फ्रिजवरच आहे.

"आता देऊ नकोस," मी म्हणालो.

"का?"

खरे सांगायला दोन शब्द पुरले असते. "जरा चिकट झाल्यात," मी म्हणालो. "दाताला चिकटतील तिच्या. डॉक्टरांची वेळ घे. मी येतोच आहे."

"एवढ्यासाठी तुम्ही कशाला येता?"

"येतो."

बायकोला मी कढईचे सांगितले. तिने कढी मोरीत ओतली, पातेले पालथे घातले आणि मला गाडीची किल्ली आणून दिली.

मी जुन्या रस्त्याने गेलो. लोणावळ्यातून निघताना धुके होते, कामशेतच्या पुढे ऊन पडले आणि दोन्ही बाजूंनी भाताची शेते उघडी झाली. भात पोटरीला आले होते. त्या दिवसांत मावळात नजर टाकावी तिथे हिरवे असते. जन्मभर ज्या रंगाने मला बरे वाटले, तो त्या दुपारी काचेच्या दोन्ही बाजूंनी माझ्यावर चालून येत होता. मनात चित्रे येत होती, ती मी इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की त्या चित्रांमध्ये ती कधी बरणीकडे हात करत होती, कधी मुळीच हलत नव्हती, आणि प्रत्येक वेळी मला बोलायला उशीर झालेला होता.

त्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती होती, हेही मला मान्य केले पाहिजे. नातीला काही होईल ही पहिली. ते माझ्यामुळे झाले हे मुलीला कळेल, ही दुसरी. वडगावपर्यंत मी दुसरीला पहिलीमागे लपवीत होतो. डॉक्टरांनी काही विशेष नाही म्हटले, तर सांगायची गरजच काय, असा विचारही माझ्या मनात आला. मी त्याला हाकलले नाही. तो माझ्या शेजारी बसून तळेगावपर्यंत आला.

डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी नातीचे पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, डोळे पाहिले. नात पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. मुलीने गोळ्यांची बरणी टेबलावर ठेवली. पांढऱ्या भिंतीपुढे तो रंग फारच सुंदर दिसत होता.

"या तुम्हीच केल्यात का, आजोबा? कशाच्या आहेत?"

मी सगळे सांगितले. साखर, पेक्टिन, लिंबूफूल, जीवनसत्त्वांची पूड, लसूणघासाचे हरितद्रव्य. कोणता घटक किती, तेही सांगितले. त्यांनी लिहून घेतले. माझ्या सांगण्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"मग हिरवी शी त्यामुळेच," त्या मुलीला म्हणाल्या. "पानांचा रंग आहे, तो तसाच बाहेर पडतो. भरपूर पालक खाल्ला तरी होतं. पोटाचं म्हणाल तर..."

मुलीचे खांदे सैल झाले. ती हसली सुद्धा. "बघितलंत, बाबा? उगाच धावत आलात."

मी तिथून उठू शकलो असतो. डॉक्टरांनी कशाच्या आहेत एवढेच विचारले होते, आणि मी त्याचे पुरते उत्तर दिले होते. एवढ्यात नात पोटावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, अजून दुखतंय."

"कढई तांब्याची होती," मी म्हणालो.

डॉक्टरांचे लिहिणे थांबले.

"बिनकल्हईची. आणि गोळ्या आंबट असतात. तांबं उतरलं असणार यांच्यात. हे मला दुपारी कळलं. फोनवर मी तिला चिकट झाल्यात असं सांगितलं, ते खरं नव्हतं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ओळखीच्या जिन्यावर अंधारात पायरी चुकली की माणूस जसा थांबतो, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने बरणी टेबलावरून उचलली आणि नातीच्या नजरेआड पिशवीत ठेवली.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून विचारले. रोज किती, किती दिवस, मळमळ, उलटी, जुलाब. शेवटी त्या म्हणाल्या, "तांब्याचा त्रास असता, तर बहुतेक आधी उलट्या झाल्या असत्या. मात्रा फार नसावी. पण बहुतेकवर मी सोडणार नाही, रक्त तपासू. सांगितलंत ते बरं केलंत. मला हे विचारायचं सुचलं नसतं."

सुई टोचताना नात माझ्या मांडीवर होती. ती जोरात रडली. मी तिचा दंड इतका घट्ट धरला होता, की नर्स म्हणाली, "आजोबा, तुम्ही सोडा, आईला धरू दे."

अहवाल येईपर्यंत मी तळेगावलाच राहिलो. नातीचे पोट दुखायचे दुसऱ्या दिवशी थांबले. ती धावू लागली, भांडू लागली, आणि मी मात्र ती पाणी प्यायला थांबली तरी उठून बसत होतो. जावयांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. त्यांनी फक्त विचारले, "बाबा, नमुना ज्यांना दिलाय, त्यांना कळवलंत ना?" तो फोन मी त्यांच्या समोरच केला. गोळ्या कोणी खाऊ नका, परत पाठवा, असे सांगितले. पलीकडचा माणूस हळहळला. "अहो, पण रंग तर हाच हवा होता आम्हाला," तो म्हणाला.

रक्तात काही निघाले नाही. गोळ्या मी तपासायला दिल्या, त्यांत मात्र तांबे असायला हवे त्याहून जास्त निघाले. ती कढई आता माळ्यावर पालथी आहे. गोळ्या आम्ही पुन्हा स्टीलमध्ये करतो, लिंबूफूल पातेले आचेवरून उतरवल्यावरच घालतो, आणि जो रंग येतो तो शेवाळी असतो, थोडा उदास. तळेगावच्या लोकांनी बऱ्याच चर्चेनंतर तो पत्करला. नातीने पत्करलेला नाही. "हा हिरवा नाहीये," ती म्हणते.

मी मुलीकडे जातो तेव्हा अजून काही ना काही करून नेतो. पूर्वी डबा उघडताना ती विचारायची, "कशाचं केलंय, बाबा?" आता विचारते, "कशात केलंय?" तिच्या आवाजात टोमणा नसतो, राग नसतो. भाजीवाल्याला भाव विचारावा, तसे ती विचारते. मी भांड्याचे नाव सांगतो. मग ती डब्यातला एक तुकडा मोडते, आधी स्वतःच्या तोंडात घालते, आणि ती तो चघळत असते तोवर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो. नातीचा हात पुढे आलेला असतो. आई मान हलवेपर्यंत थांबायचे, हे आता तिलाही कळले आहे.