महर्झियाच्या लाल हिरड्या

कैरवान शहरात गालिचे विणणारी बाई घरटी एक मिळेल, पण महर्झियासारखी गाठ मारून दाखवा म्हणावं! पंचेचाळीस वर्षं बाईनं माग सोडला नाही. तोराही तसाच. लग्नकार्यात रिवाजाची अक्रोडाची साल चघळून तोंड लालभडक, आणि वर म्हणायची, "लाल हिरडी ही घरंदाज बाईची खूण."

शेवटी बोटांनीच दगा दिला. संधिवातानं सांधे सुजले, सकाळी तास-दीड तास मूठच वळेना. मागावर धाकट्या लेकीच्या लग्नाचा गालिचा. पहिली गाठ जिनं मारली तिनंच तो कापून उतरवायचा, तोही सकाळी ऊन चढायच्या आत, असा रिवाज. नणंद हल्लूमा टपलेलीच.

"वैनी, कात्री मी चालवीन हो. तुला कशाला त्रास?"

"हात तुटला तरी देणार नाही!"

सांध्यांच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि वर दातांच्या दवाखान्यात धाडलं. महर्झिया भडकली. दुखणं रेड्याला नि औषध पखालीला!

दातांची डॉक्टर ओल्फा गल्लीतलीच पोर, तिला खाला म्हणजे मावशी म्हणणारी. तिनं कापसानं हिरडी पुसली. कापूस लाल.

"साल कधी चघळलीस, खाला?"

"भाचीच्या लग्नात. झाले पंधरा दिवस."

"सालीचा रंग एवढा टिकतो होय? हे रक्त आहे."

महर्झियानं कापूस हातात घेऊन उलटसुलट पाहिला. इतकी वर्षं मिरवला तो रोग होता तर!

"पण बोटांचा काय संबंध?"

"हिरडीत जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला शरीर सूज आणतं. ती धग रक्तातून फिरते. बोटांत तुझं शरीर आपल्याच सांध्यांशी भांडतंय, त्यात ही धग तेल ओतते. इकडं धागा ओढला की तिकडं चुणी, तसंच. गोळ्या सोडू नकोस, पण हिरडीही बरी करू."

चुणी म्हटल्यावर महर्झियाला वेगळं सांगावं लागलं नाही. चार महिने हिरड्या साफ करून घेतल्या, गोळी एक चुकवली नाही. सूज उतरत गेली. कशानं? ओल्फा म्हणे, दोन्हींनी.

कात्रीच्या दिवशी सकाळी सातला बायका जमल्या. हल्लूमाची नजर पहिली तोंडावर.

"अगंबाई! लेकीचं लग्न आणि तोंडाला रंग नाही?"

महर्झिया गुलाबी हिरड्या दिसेपर्यंत हसली. "आहे की. हा माझा स्वतःचा."

तिनं कात्री उचलली. मूठ वळली. कच्, कच्, पार शेवटच्या धाग्यापर्यंत.

"हल्लूमा, बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "खालून धर. जड आहे."