शेवट वर, पुस्तकं खाली

पाचशे पत्रकांचा गठ्ठा कटिंग मशीनवर ठेवून बाइंडरबाईंनी चाक फिरवलं, कागद घट्ट दाबून बसवला आणि पातं खाली आणण्याआधी सवयीनं वरचं पत्रक वाचून घेतलं. ही सवय त्यांच्या नवऱ्याला आवडायची नाही. "लोकांचे कागद कापावेत, वाचू नयेत," असं तो म्हणायचा. पण तीस वर्षं न वाचता कापत बसल्या असत्या, तर बाईंच्या डोक्याचा कधीच पुठ्ठा झाला असता.

पत्रक विज्ञानकथा मंडळाचं होतं. अठरावा वर्धापनदिन, शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चार वाजता. मधोमध ठसठशीत अक्षरांत 'संस्थापिका व अध्यक्षा' आणि त्याखाली वन्संचं नाव. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. बाईंनी पत्रकात आपलं नाव शोधलं. वर नव्हतं, मध्येही नव्हतं. अगदी तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : 'विशेष आभार : खुर्च्या, माईक, चहा, बाइंडिंग.'

चहाच्याही नंतर.

बाईंनी दाब सैल केला, गठ्ठा अर्धा इंच पुढे सरकवला, पुन्हा दाबला आणि पातं खाली आणलं. पाचशे आभार एका दमात टोपलीत पडले. मग त्यांनी पत्रकं नीट दुमडली, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधले आणि नवऱ्याच्या हाती वर पाठवून दिली. कामात कसूर करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

खरं तर हे मंडळ जन्मलं ते याच दुकानात. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीला लागून पुठ्ठे, मधे लांब टेबल, टेबलावर खळीचं भांडं, आणि जिना चढणाऱ्या माणसाला या सगळ्याला वळसा घालूनच जावं लागायचं. अठरा वर्षांपूर्वी एका वाचनालयानं दोन पोती फाटक्या विज्ञानकथा शिवायला आणून टाकल्या आणि नंतर ते वाचनालयच बंद पडलं. पोती न्यायला कुणी आलं नाही. बाई एकेक पुस्तक उसवायच्या, वाचायच्या, शिवायच्या. त्यातल्या एकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेली शेवटची सोळा पानं, गहाळ होता. दूरच्या चंद्रावरचा बंद पडलेला संदेशमनोरा दुरुस्त करायला एक यान जातं, परतीच्या वाटेवर त्याचं इंधन कमी पडतं, पृथ्वीवरच्या खोलीत बसलेली नियंत्रक बाई कानाला हेडफोन लावते, आणि पुस्तक तिथेच तुटतं.

वन्सं त्या दिवशी मीठ मागायला खाली आल्या होत्या. बाईंनी त्यांना पुस्तक दाखवलं. चार दिवस दोघी भांडल्या. बाई म्हणाल्या, यान परत येतं. वन्सं म्हणाल्या, इंधनाचा हिशेब बघा, येणं शक्यच नाही. शेवटी दोघींनी आपापला शेवट लिहून काढला आणि एकमेकींचा वाचून नाक मुरडलं. पण त्या चार दिवसांइतकी मजा बाईंना त्या घरात आल्यापासून आली नव्हती, आणि मीठ घ्यायचं राहिलंय हे वन्संच्या पाचव्या दिवशी लक्षात आलं.

तेव्हा डोकं चाललं ते बाईंचं. त्यांनी दोन्ही पोत्यांतल्या प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा फर्मा उसवून पाकिटात घातला. नियम असा : पुस्तक न्या, वाचा, आपल्या मनानं शेवट लिहून आणा, आणि मगच खरा शेवट न्या. बाइंडर स्वतःच चोरून वाचेल म्हणून पाकिटं वन्संच्या पत्र्याच्या डब्यात, वरच्या मजल्यावर. लिहिलेले शेवट बाईंकडे, खाली. बाई ते वाचून चिठ्ठीवर शिक्का मारायच्या, चिठ्ठी घेऊन माणूस वर जायचा. मंडळ चालवण्याचं बाकीचं काम मात्र वन्संनी केलं हेही खरं. पत्रं त्यांनी लिहिली, शाळेचा हॉल त्यांनी मिळवला, रुसलेल्या सभासदांना त्यांनीच परत आणलं. पाच माणसांची एकतीस झाली. ती सगळी वन्संना मॅडम म्हणायची आणि बाईंना बाइंडरबाई.

पत्रकं वर गेली आणि दहाव्या मिनिटाला जिना वाजला.

"वहिनी, खालून अर्धा इंच कागद गेलाय."

"कागद वाकडा होता."

"पाचशेच्या पाचशे?"

"छापणारा वाकडा असला की सगळेच वाकडे येतात."

वन्संनी पत्रक टेबलावर आपटलं. "माईकवाला माझ्याशी भांडायला येणार आता. आभार मानायचं ठरलं म्हणून तो फुकट देतोय."

"मीपण फुकटच कापते. माझं नाव काय म्हणून घातलंत? बाइंडिंग?"

"जागा नव्हती."

"तुमच्या नावाला बरी होती. दोन बोटं जाड अक्षर आहे."

"वहिनी, मंडळ म्हणजे नुसतं शिवणं नव्हे. लोकांशी बोलावं लागतं. तुम्ही अठरा वर्षांत एकदा तरी उठून बोललात का?"

"बोलणार कुठून? तुम्ही खाली बसाल तेव्हा ना!"

आतून नवऱ्याचा आवाज आला, "दार लावून घेऊ का मी?"

"तुम्ही जेवा!" दोघी एका सुरात ओरडल्या. त्या दिवसातलं दोघींचं तेवढंच एकमत.

वन्सं जिन्याकडे वळल्या. दुसऱ्या पायरीवरून म्हणाल्या, "पुस्तकं शिवणाऱ्या गावात पन्नास मिळतील."

बाईंनी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खळीच्या भांड्यामागे ठेवली.

वर्धापनदिन झाला. बाई गेल्या नाहीत. पण नर्सनं येऊन सगळं सांगितलं. ही नर्स मंडळाची सगळ्यात चिवट सभासद, ड्यूटीवरून सरळ यायची आणि बूट काढून पाय खुर्चीवर घ्यायची. "अहो, टेबलावर नुसती पाकिटं मांडली होती. दोनशे अकरा शेवट आणि गोष्ट एकही नाही. पाहुणे विचारतात, हे कशाचे शेवट आहेत? मॅडम म्हणतात, पुस्तकं दुरुस्तीला गेलीत."

"मग?"

"मग काय, चहा चांगला होता."

बाई हसल्या नाहीत. मनातून मात्र सुखावल्या.

पुढच्या रविवारपासून मंडळाच्या दोन सभा भरू लागल्या. चार वाजता खाली आणि चार वाजताच वर. वरचे लोक खालून जाताना माना खाली घालायचे, आणि त्या प्रत्येकाला बाई पुठ्ठा मापता मापता म्हणायच्या, "जिना जपून हं, वर हवा विरळ आहे." वन्संनी फर्मान काढलं, की बाईंच्या शिक्क्याच्या चिठ्ठीवर पाकीट मिळणार नाही. बाईंनी फर्मान काढलं, की वर जाणाऱ्याला पुस्तक मिळणार नाही. याचा अर्थ कुणालाच काही मिळेना. खालचे अर्धवट पुस्तकं घेऊन बसलेले, वरचे न वाचलेल्या गोष्टींचे शेवट चाळत बसलेले. तीन महिन्यांत एकतिसाचे नऊ उरले.

"तुमच्या दोघींच्या पायी माझं यान तीन महिने गुरूभोवती घिरट्या घालतंय," नर्स म्हणाली. "मला ते उतरवायचंय हो. नाहीतर मी सोडते मंडळ. विणकामाच्या वर्गाला जाते, तिथं निदान बाही पुरी होते."

ती गेल्यावर बाईंनी रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावल्या. मंडळ मोडलं तर वन्संना पेन्शन होती, भाऊ होता, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी होत्या. बाईंकडे शिवायला आलेले प्रबंध, वह्या आणि हिशेबाची रजिस्टरं होती. रविवारी चार वाजता त्यांना कुणीतरी काहीतरी विचारायचं, आणि ते विचारणं पुठ्ठ्याच्या जाडीबद्दल नसायचं. ते गेलं तर मग काय उरणार होतं?

त्यांनी टेबलाखालची पोती बाहेर ओढली. अठरा वर्षांत सभासदांनी लिहून आणलेले शेवट. बाई कागद कधी टाकत नसत. सुतळीनं बांधलेले, पुस्तकाच्या क्रमांकासकट ते सगळे तिथे होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेरची कामं मागे सारली आणि पुस्तकं उसवायला घेतली. प्रत्येकात त्याचे तीन-चार चांगले शेवट निवडून, कापून, एका दोऱ्यात शिवून टाकले. लिहिणाऱ्याचं नाव प्रत्येक शेवटाखाली. खऱ्या शेवटांचं वरच्या बाईंनी लोणचं घालावं, असं त्या दाभण ओढताना पुटपुटत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मंडळातल्या मीटर रीडरनं स्वतःचा शेवट पुठ्ठ्याच्या आत शिवलेला बघितला आणि दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. "हे बघ. पान एकशे नव्वद." बायको म्हणाली, "किराणा आणायला सांगितलं तर दोन ओळी लक्षात राहत नाहीत, आणि इथं चार पानं?" पण तिनं पान वाचलं, पूर्ण वाचलं. महिन्याभरात खालच्या खुर्च्या भरल्या. वर फक्त एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका उरले, ज्यांना गोष्टीशी कर्तव्य नव्हतं, खरा शेवटच हवा असायचा.

दोनशे अकरा पुस्तकं झाली. राहिलं ते पहिलं, ज्याला खरा शेवट नव्हताच. त्याचे दोनच शेवट होते. बाईंनी आपला आधी वाचला. यान येतं, माणसं उतरतात, सगळे टाळ्या वाजवतात. अठरा वर्षांनी तो वाचताना त्यांना कसंसंच झालं. लहान मुलांच्या वाढदिवसासारखा होता.

मग वन्संचा. यान येत नाही. नियंत्रक बाईला दुसरं काम देतात, ती घेत नाही. रोज सकाळी हेडफोन लावून ती यानाला आदल्या दिवशीचं सांगते : नळाला पाणी किती आलं, शेजारणीला मुलगी झाली, वरून हाक मारली तरी भावाच्या बायकोनं ओ दिली नाही. तिकडून उत्तर येत नाही. ती सांगत राहते.

बाईंनी कागद खाली ठेवला. भावाची बायको! अठरा वर्षांपूर्वी या बयेनं आपल्याला त्यात घातलं होतं आणि तेव्हा ते आपल्याला दिसलंही नव्हतं. राग आला. पण शेवट चांगला होता. आपल्यापेक्षा फार चांगला होता, आणि त्याचा राग जास्त आला. तो गाळून टाकावा असं मनात आलं. हात मात्र ऐकेनात. हात बाइंडरचे होते, त्यांना चांगला कागद फेकता येत नव्हता.

त्यांनी वन्संचा शेवट शिवला, एकटाच. आपला चुलीत घातला. वन्संचं नाव मात्र घातलं नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं : 'विशेष आभार : दोरा, खळ, पुठ्ठा, शेवट.' आणि पुस्तक काकांच्या हाती वर पाठवलं.

या वेळी जिना वाजायला तासभर लागला.

वन्सं आल्या, पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं, बोट त्या ओळीवर. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच होता, खडूसारखा कोरडा.

"शेवट म्हणजे मी का?"

"बाइंडिंग म्हणजे मी, तसंच."

"पुठ्ठ्याच्या नंतर?"

"चहाच्या नंतर."

वन्सं खुर्ची ओढून बसल्या. या दुकानात त्या बसल्याला सहा महिने झाले होते. "तुमचा शेवट कुठाय?"

"जाळला."

"का?"

"वाईट होता."

"होताच वाईट. तेव्हाच सांगत होते." मग म्हणाल्या, "जाळायचा नव्हता. मंडळाचा कागद होता तो."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. 'शेवट' या शब्दावर काट मारली आणि शेजारी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, ठसठशीत, पत्रकावर होतं तसंच. बाई बघत राहिल्या. पेन्सिल थांबली नाही. खालच्या ओळीत वन्संनी 'बाइंडिंग :' असं लिहिलं आणि मान वर केली.

"पुढे काय लिहू? सासरचं नाव की माहेरचं?"

एका घरात तीस वर्षं काढलेल्या बाईनं विचारायचा हा प्रश्न नव्हता. टोमणा होता, आणि टोमण्याच्या आत दुसरंही काहीतरी होतं, पण बाई त्याला हात लावायला गेल्या नाहीत.

"दोन्ही लिहा. जागा आहे आज."

वन्संनी दोन्ही लिहिली.

"आता 'बाइंडिंग' खोडा."

"मग काय घालू?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

वन्संनी पेन्सिलीचं टोक नखानं साफ केलं. मग त्यांनी खोडलं आणि वर एक शब्द लिहिला, 'संस्थापिका', इतका बारीक की तो वाचायला भिंग लागावं.

"पुस्तकं खालीच राहतील," बाई म्हणाल्या.

"आणि डबा वर. चिठ्ठीवर शिक्का नसेल तर मी पाकीट देणार नाही."

"देऊच नका."

वन्सं उठल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला, तोच बाईंनी पुस्तक उचलून त्या शब्दाला डोळे लावले.

"वन्सं."

"काय?"

"अक्षर मोठं करा."