तोत्तोरीच्या वाळूत गेलेल्या दोन गुळपोळ्या

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की जपानच्या भूमीवर, भर दुपारी, लख्ख उन्हात, माझ्या ताब्यातल्या दोन गुळपोळ्या अमानवीय शक्तीने लांबवलेल्या आहेत. कृपया हसू नये.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. वय बावन्न, जपानात तोयोसु इथे सॉफ्टवेअरची नोकरी. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो आणि लिहिणारे सगळे थापाडे आहेत असं बायकोला सांगत आलो. आता त्याच रांगेत मी उभा आहे... असो.

तर मी आणि बापट. बापट कावासाकीला एका संस्थेत शास्त्रज्ञ आहे. अठरा वर्षांची दोस्ती. या देशात घराबाहेर मला ‘शिऱ्या’ म्हणणारा हा एकच माणूस. ऑफिसात मी शिरीष-सान, म्हणजे शिरीषराव. आम्ही दोघं कावासाकीहून सायकलने निघून आठ दिवसांत तोत्तोरीच्या वाळवंटापर्यंत जाणार होतो. मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, संक्रांत नसताना सोळा गुळपोळ्या करून स्टीलच्या डब्यात भरल्या. “रोज प्रत्येकी एक,” तिनं बजावलं. “आणि भावजी, डब्यावर लक्ष तुम्ही ठेवा.”

या वाक्याला पार्श्वभूमी आहे. मागे गणपतीत इथल्या कोतो भागातल्या मराठी मंडळातून नैवेद्याचे चार मोदक आरतीआधी कमी झाले होते. ते मी खाल्ले होते. कबूल आहे, पण किती वर्षं ऐकायचं?

आठव्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या खोलीत बापटनं डबा उघडला, दोन पोळ्या मोजल्या, मला दाखवल्या, आणि खिटी लावून डबा माझ्या सॅकमध्ये ठेवला. वाळूच्या सर्वांत उंच कड्यावर, समुद्राकडे तोंड करून त्या खायच्या असं ठरलं होतं.

समुद्राकाठचा रस्ता, समोरून वारा, चेनमध्ये वाळू. प्रत्येक पायडलला दाताखाली खडा आल्यासारखा आवाज. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राक्क्योची शेतं होती. राक्क्यो म्हणजे कांद्याचा एक बारका, लांबुडका भाऊ. त्या वाळूत तो अमाप पिकतो आणि जपानी लोक त्याचं लोणचं घालतात. तिथं बापटचं टायर पंक्चर झालं म्हणून वीस मिनिटं थांबलो. हे लक्षात ठेवा, माझ्याविरुद्ध वापरलं गेलं आहे.

बाराच्या सुमारास पोचलो. पिवळ्या वाळूचे डोंगर, आणि पायथ्याशी पर्यटकांना फिरवणारे दोन उंट.

“याला वाळवंट म्हणत नाहीत,” बापट म्हणाला. “इथे पाऊस भरपूर पडतो.”

“उंटांना कळवलंय का?”

सायकली कुलपं लावून ठेवल्या. बापट दोघांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला गेला. मी सॅक पाठीवर घेऊन एकटाच कडा चढलो. वर चिटपाखरू नव्हतं. मागे वळून पाहिलं तर वाळूत फक्त माझ्या बुटांचे ठसे. सॅक उतरवून शेजारी ठेवली आणि बसलो. एकच गोष्ट विचित्र वाटली — तेवढा सोसाट्याचा वारा, तो एकदम थांबला. कानाला दडे बसल्यासारखं झालं. मिनिटभर असेल. मग पुन्हा सुरू.

दहा मिनिटांनी बापट धापा टाकत आला. मी त्याच्यासमोर सॅक उघडली, डबा काढला, खिटी काढली.

पोळ्या नव्हत्या. आत दोन राक्क्यो होते. मुळं आणि पात काढलेले, सोललेले, पांढरेशुभ्र, शेजारी शेजारी नीट ठेवलेले.

बापटनं डब्यात डोकावलं. मग म्हणाला, “शिऱ्या, खाल्ल्यास?”

“नाही.”

“पंक्चरच्या वेळी शेतातून हे उपटलेस.”

“नाही रे.”

“मोदकांच्या वेळीसुद्धा तू आधी नाहीच म्हणाला होतास.”

अहो, आयुष्यात क्वचित मी इतकं खरं बोललो असेन. मेधाची शपथ घेतली, मुलाची घेतली. बापट उठला, पँटवरची वाळू झटकली आणि अगदी सभ्य आवाजात म्हणाला, “निघू या का, शिरीष-सान? आणि पुढच्या वर्षी होक्काइदोला मी एकटा जाईन.”

शिरीष-सान... अठरा वर्षांनी.

मला राग आला. त्या जे-कोण-असेल-त्याचा. भूक लागली होती? मान्य. एक घ्यायची, माझी घ्यायची. बापटची कशाला? आणि बदल्यात काय, तर दोन कच्चे कांदे. खसखस-तीळ भाजून, साजूक तूप लावून केलेल्या पोळीची ही परतफेड? वाचकांपैकी कुणी ‘ऊन लागलं असेल’ असं लिहिणार असेल तर आधी सांगावं, उन्हानं गुळपोळीचा कांदा कसा होतो. मी तिथल्या दुकानदारांना विचारलं, परत आल्यावर चार जाणकारांना विचारलं. प्रकरण अजून उघडंच आहे.

बापट आता मला पुन्हा शिऱ्या म्हणतो, पण त्याचं श्रेय मला मिळालेलं नाही, हे या तक्रारीचं शेवटचं कलम.

झालं असं की त्याच कड्यावरून त्यानं मेधाला व्हिडिओ कॉल लावला. फिर्याद करायला.

“वहिनी, यानं दोन्ही खाल्ल्या. वर नाटक करतोय.”

“डबा दाखवा बघू,” मेधा म्हणाली. बापटनं डबा फोनसमोर धरला.

“चकचकतोय की. तूप नाही का लागलेलं?”

बापटनं आतून बोट फिरवलं. बोट कोरडं. डबा नाकाशी नेला, हुंगला. मग त्यानं हळूच स्वतःच भरून आणलेल्या दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्याजवळ कड्यावर पाण्याचा थेंब नव्हता.

“आठ दिवसांचं तूप होतं, वहिनी. वासही नाही. घासून ठेवल्यासारखा आहे.”

मेधा पंचवीस वर्षं माझ्याशी संसार करते आहे. ती क्षणभरही थांबली नाही.

“घासलाय? मग हे नव्हेत.”