तुझी नाव काय?

आमच्या न्हाव्याला आम्ही कात्रीमास्तर म्हणतो, ते हातातल्या कात्रीमुळे नव्हे. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाइकाला हूं म्हणायलाही फट मिळत नाही. अशा माणसावर मुकं राहायची पाळी आली, तेव्हा मला जरा बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्यांची परदेशी दिलेली लेक सुट्टीला येणार होती. सोबत पाच वर्षांची नात, पहिल्यांदाच, आणि तिला भाषा फक्त तिकडची. मास्तरांनी हायच खाल्ली. सगळ्या गावाशी बोललो आणि घरच्या पोरीपुढे मूग गिळून बसू? ती आईमागे लपेल आणि तशीच परत जाईल, ही एकच भीती त्यांना खात होती.

मग फोनमध्ये शब्दांच्या पत्त्यांचं ॲप आलं. पत्त्यावर आपला शब्द, बोट लावलं की पत्ता उलटून तिकडचा. सोबत चित्रंही येत, पण मास्तरांनी ती पहिल्याच दिवशी बंद केली. चित्रं बघून पोरंटोरं शिकतात, म्हणाले. फोन धरायचा गिऱ्हाइकाने. उत्तर आठवेपर्यंत वस्तरा आमच्या गळ्याशी थांबायचा, त्यामुळे आम्हीही मन लावून पाठांतर केलं. 'छत्री' आणि 'कासव' मला आजही झोपेत विचारा.

खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पोराला, ओळखीचं असलं तरी, मास्तर आधी नाव विचारतात. पोर उत्तर देतं आणि डोकं स्थिर राहतं. तेव्हा नातीसाठी पहिलं वाक्य तेच ठरलं. 'नाव'चा पत्ता त्यांनी घोकघोक घोकला.

ती आली तेव्हा मी खुर्चीत होतो. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. लेक तिला थेट दुकानातच घेऊन आली. पोर आईच्या पायांमागे. मास्तरांनी घसा खाकरला आणि वाक्य टाकलं.

लेक बाकावर बसून हसायलाच लागली. "अहो बाबा, ही नदीतली नाव! तुझी होडी काय, असं विचारलंत तिला."

पण तोवर पोर आईमागून बाहेर आली होती. तिने काहीतरी विचारलं. 'माझ्याकडे होडी नाही, तुझी कुठे आहे?' असं, लेकीने नंतर सांगितलं. मास्तरांना अक्षरही कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली आणि हाताशी होते ते शब्द फेकले. मोठी झालीस म्हणून 'मोठी', फ्रॉक लाल म्हणून 'लाल', आणि बस म्हणून खुर्चीवर थाप मारत 'इथे'.

खुर्ची मोठी होती आणि लालही होती. मला फेसासकट उठवण्यात आलं. पोर चढली. मास्तरांनी खालचा दांडा दाबला, खुर्ची वर गेली, गरगर फिरली, आणि पोर खिदळत सुटली. माझा गाल वाळून कडक झाला, तरी होडी काही किनाऱ्याला लागेना.

शेवटी उतरताना तिने मास्तरांच्या पोटावर बोट ठेवलं आणि होडीसाठीचा तोच तिकडचा शब्द उच्चारला. लेकीने बजावलं, आजोबा म्हणायचं. पोर ऐकेना. पुन्हा तेच, आणि गळ्यात हात.

"राहू दे गं," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकांनी जन्मभर नावं ठेवली. नातीने एक ठेवलंय, ते घेतो मी."