सगळ्यांचे तांदूळ एका पिंपात

मी मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढले. वडील कंपनीत, त्यामुळे तांदूळ म्हणजे दुकानातून पिशवीत येतो तो, एवढंच माझं ज्ञान. लग्न होऊन कर्जतजवळच्या या गावात आले. दारापुढे भातशेती, घरात सासूबाईंची कणगी, तरी दहा वर्षांत ते ज्ञान तसूभर वाढलं नाही. नर्सची नोकरी, सकाळी आठला घराबाहेर. कुकर लावायचा, तीन शिट्ट्या, झाला भात. हे आधीच कबूल करते, कारण लेकीच्या आठव्या वाढदिवसाला जो घोळ झाला तो सगळा माझा होता.

सातव्या वाढदिवसाला तिला सहा कंपासपेट्या आल्या होत्या. सहा! त्यातल्या चार अजून कपाटावर प्लास्टिकसकट पडल्यात. मी महिन्यातून एकदा डोंगराकडच्या वाड्यांमधल्या मुलींच्या वसतिगृहात वजनं घ्यायला जाते. तिथल्या बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, की धान्य पुरवताना फार ओढाताण होते. मला एकदा काही सुचलं की दम निघत नाही. घरी येऊन चहा व्हायच्या आत मेसेज पाठवून मोकळी झाले: वाढदिवसाला भेटवस्तू आणू नये, त्याऐवजी वसतिगृहासाठी घरचे तांदूळ आणावेत. जानेवारीत आमच्याकडे प्रत्येकाच्या घरात तांदूळ असतोच. नवरा म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत की.

लोकांनी काही म्हटलं नाही. लेकीने मात्र तोंड फुगवलं.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"तुझ्याकडे सगळं आहे की गं."

"मग तो माझा वाढदिवस कसला? वसतिगृहाचाच झाला."

मी समजूत काढत राहिले, ती काही बधेना. शेवटी तिनेच अट घातली. शनिवारी वाढदिवस, रविवारी त्या मुलींना त्याच तांदळाचं जेवण, आणि वाढणार ती. सगळ्यांना, एकटी, स्वतःच्या हाताने. "तू मधे नाही यायचं हं मम्मी." सौदा ठरला. पुढचा आठवडाभर पोरगी हातात भातवाढी घेऊन घरभर फिरत होती आणि आम्हा सगळ्यांना रिकाम्या ताटात भात वाढत होती. "अजून थोडा?" विचारायची. नको म्हटलं तर रागवायची.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यातली. विहिरीखालच्या एका चिंचोळ्या पट्टीत सासूबाई दरवर्षी वासाचं भात लावतात. येऊन येऊन येतं किती, दोन-चार शेर. ते कुणालाही देत नाहीत. नातीच्या वाढदिवसाला त्याची नारळाच्या दुधातली खीर करतात, तीच त्यांची भेट. त्या मला विचारायला आल्या, "माजी खीर चालंल ना गं?"

मी इस्त्री करत होते. मान वर न करता म्हटलं, "आई, नियम म्हणजे नियम. घरच्यांनीच मोडला तर बाहेरच्यांना काय तोंडाने सांगायचं?"

"बरं बाय," म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवारी संध्याकाळी बुद्धवंदना झाली, केक कापला, आणि माणसं पिशव्या घेऊन पुढे येऊ लागली. प्रत्येकाला आपल्या तांदळाबद्दल दोन शब्द सांगायचेच होते. कुणी म्हणे, "ह्यो वरल्या शेतातला जाडा, खाऊन बघा." कुणाचा दोन वर्षं मुरलेला जुना, कुणाचा या हंगामातला नवा. कुंभिवलीच्या नणंदेने इंद्रायणी आणला, माझ्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनी बासमती. सासूबाईसुद्धा पाहुण्यांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या आणि एक लहानसं गाठोडं माझ्या हातात दिलं. "आई, तुम्ही पण!" म्हणत मी ते सोडलं आणि ओतलं. सगळ्यांचं ओतलं, एकाच निळ्या पिंपात. पिंप काठोकाठ भरलं तेव्हा मी त्याचा फोटोही काढला.

मग सासूबाई जवळ आल्या आणि त्यांनी कोपरापर्यंत हात पिंपात घातला.

"ह्ये कोनी वतलं?"

"मी."

"समदं एकात?"

"तांदूळच आहेत ना सगळे?"

त्या मटकन खालीच बसल्या. "आगं माजे बाय! जुना शिजंस्तवर नव्याची पेज व्हईल. जाडा कच्चा ऱ्हाईल न् त्यो तुजा बासमती इरगळून जाईल. ह्येचा भात नाय व्हायचा गं."

मी ऐकणारी थोडीच. सगळ्यांदेखत दोन वाट्या कुकरला लावल्या. झाकण उघडलं तर अर्धी खळ, आणि त्या खळीत दाताखाली कचकचणारे दाणे. लेकीने एक घास खाल्ला आणि हातातली भातवाढी ओट्यावर ठेवून दिली.

"मम्मी, हे मी उद्या त्यांना वाढायचं?"

भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं. तिचे नुसते डोळे भरून आले. मी म्हटलं, दुकानातून आणू, आत्ता आणू. "पण ते दुकानाचे," ती म्हणाली, "माझे हे आहेत ना?" आठवडाभर पोरीने कशाची तयारी केली आणि तिच्या शहाण्या आईने त्याचं काय केलं!

सासूबाई अजून पिंपाशीच होत्या. चिमूटभर दाणे नाकाशी नेले आणि परत पिंपात सोडले. मी पाहिलं, पण वाटलं कीड बघतायत. मग त्या पदर खोचून उठल्या.

"भात नाय तर नाय. भाकरी तर व्हतील? पिठाला काय कळतंय जाडा न् बारीक? आना गं सुपं!"

आलेल्या बायका हसत हसत अंगणात बसल्या आणि तासाभरात पिंप निवडून झालं. आमच्याकडे केक खाऊन बसलेला गिरणीवाला नाही कसा म्हणेल? सकाळी सहाला गिरणी सुरू, आठला पीठ टेंपोत, नऊला आम्ही वसतिगृहाच्या अंगणात तीन चुली पेटवून तयार. वालाची आमटी मी केली. भाकरीचं पीठ मला कुणी हातात घेऊ दिलं नाही, आणि बरोबरच होतं.

लेक कपाळाला आठी घालून आली. "भाकरी कशाने वाढायची? मी तर भातवाढीने शिकले."

"हातानं वाड, आजून काय!" सासूबाई म्हणाल्या.

साठेक मुली ओळीने बसल्या होत्या. माझी पोरगी टोपली कडेवर घेऊन एकेकीच्या पानात भाकरी ठेवत चालली. "अजून एक?" विचारत होती. एका चिमुरडीने तिसरी मागितली तेव्हा लेकीने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिचा पहिला नंबर आला. मी मधे गेले नाही. शेवटी ती त्यांच्यातच मांडी घालून बसली, आपली भाकरी मोडली, आणि थांबली. नाकाशी नेली.

"आजी, हिला तुझ्या खिरीचा वास येतोय!"

मी एक भाकरी उचलून मोडली. खरंच होता. पुसटसा, पण होता. ते गाठोडं मला तेव्हा आठवलं.

"आई, ते खिरीचे तांदूळ होते?"

"मंग? तू म्हनलीस भेट नाय, तांदूळ. म्हनून तांदूळ आनलं. सांगनार व्हते, ह्येची खीर करू पोरीस्नी. तवर तू वतलंसबी."

"मग काल बोलला का नाहीत?"

"आगं, तुजा चेरा येवडासा झाला व्हता. पोरीचा त्याहून. त्यात मी आनिक कुटं भर घालू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर राखलेली त्यांची ती एवढीशी गोष्ट, आधी मी नियम दाखवून नाकारली आणि मग न बघता पिंपात ओतून टाकली. चुलीपुढे बसून मी रडले, आणि धुराचं निमित्त केलं. "सर तिकडं," सासूबाई म्हणाल्या, "धूर सोसत नाय कॉलनीवाल्यांना." तिकडे लेक शेजारणींना सांगत होती की वास घ्या, ही माझ्या आजीची भाकरी आहे, आणि सगळी पंगत भाकऱ्या नाकाला लावून बसली होती.

पुढच्या पावसाळ्यात पाहते तो सासूबाईंनी पट्टी सोडून खालचं अख्खं खाचर वासाच्या भाताने लावलेलं.

"आई, एवढं कशाला?"

"साट पोरी हायत. खीर पुराय नको? नियमाचं काय त्ये तू बग."

मी बघितलं. नवव्या वाढदिवसाच्या मेसेजात भेटवस्तू आणू नये हे होतंच. तांदूळ सगळ्यांनी जाडाच आणावा, हेही होतं. आणि शेवटी एक ओळ जास्तीची होती: आजीची खीर चालेल.