बनियन घालून पोहणारे मास्तर

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पोहण्याच्या तलावावर शिकवायचे. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून पाण्यात उतरली, त्यात मीही होतो. सकाळी सहापासून उघड्या अंगाने काठावर उभे, छाती पुढे, गळ्यात शिटी. कुणी गटांगळ्या खायला लागला की म्हणायचे, "पाणी तुला खात नाहीये, तूच त्याला खातोयस. तोंड मिट." लग्नाकार्यात शर्ट घालून आले की आम्हाला ते पाहुणेच वाटायचे.

ताई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिथे एक नर्सबाई आली आणि स्वतःची छाती कशी तपासायची ते बायकांना दाखवून गेली. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आधी आरशासमोर उभं राहून नीट बघायचं. मग तीन बोटं सपाट धरून गोल गोल दाबत काखेपर्यंत जायचं. ताई छापील कागद घेऊन घरी आली. भाऊजी पलंगावर पेपर वाचत पडले होते.

"सगळ्या सोयी तुम्हा बायकांनाच," ते म्हणाले. "माझंही बघ की तपासून."

ताईने हसत हसत बोटं फिरवली. डावीकडे, बोंडाच्या मागे, बोटं अडली.

"हे काय लागतंय? वाटाण्याएवढं."

"स्नायू असेल. तीस वर्षं पाण्यात हात मारतोय."

"दुखतं का?"

"छे."

दुखत नाही म्हटल्यावर ताईचा जीव भांड्यात पडला. कागदावरची चित्रं सगळी बाईचीच होती. ती दर महिन्याला नेमाने स्वतःला तपासायची. त्यांच्या त्या वाटाण्याचं मात्र दोघांपैकी कुणी पुन्हा नाव काढलं नाही.

दीड वर्षाने भाऊजी बनियन घालून पाण्यात उतरायला लागले. तलावावर सगळे चेष्टा करायचे. मीही केली. "काय भाऊजी, म्हातारपणी लाज वाटायला लागली का?"

"ऊन सोसत नाही रे हल्ली," ते म्हणाले.

तलावाला छप्पर होतं. मी हसलो आणि कपडे बदलायला गेलो.

बोंड आत ओढलं गेलं होतं, ते लपवायला तो बनियन होता. पुढे बनियनवर डाग पडायला लागले. धुताना ताईने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा शिडीची दांडी घासली म्हणाले. तिसऱ्यांदा डाग दिसला तेव्हा ती दाखवा म्हणून हटूनच बसली, तर अंगावर आले. "बायकांचा रोग घेऊन दवाखान्यात जाऊ? पोरं उद्या मला काय म्हणतील?" इतक्या वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. ती डाग साबणाने घासून काढत राहिली. त्यात आणखी सात महिने गेले. मग डावा हात खांद्याच्या वर जाईना, आणि शिकवणंच बंद पडलं.

मीच त्यांना दोघांना मोठ्या इस्पितळात नेलं. दारावरचा शिपाई भाऊजींना म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसा. आत बायकांची तपासणी चालू आहे." ताई म्हणाली, "पेशंट हेच आहेत." बाकावरच्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. भाऊजी खाली मान घालून आत गेले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. पुरुषांमध्ये हे कमी असतं, पण असतं, म्हणाल्या. बोंडाच्या मागेच गाठ होते, बहुतेक वेळा दुखत नाही. मग सुईने तपासलं, फोटो काढले. कॅन्सर काखेत पसरला होता, मणक्यातही होता.

ताईने विचारलं, "वाटाण्याएवढी होती तेव्हा आणलं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "तेव्हा बरे होण्याची आशा पुष्कळ होती."

ताईला ते उत्तर हवं होतं की नको होतं, मला आजही कळलेलं नाही. त्यानंतर ती उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मुठीत धरून बसायची. जेवतानाही मूठ सुटायची नाही.

औषधं झाली, किरण झाले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना तरंगत ठेवलं, त्याला कूस बदलायलाही दोघं लागायची. एका दुपारी मी पाय चेपत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला तेव्हा संशय आला होता ना? बनियनचा?"

"नाही, भाऊजी."

"बरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

अकरा महिन्यांनी ते गेले.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे कधीकधी रक्तातून येतं, मुलीलाही तपासून घ्या. ताई-भाऊजींची मुलगी तीस वर्षांची, दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. दिवस झाल्यावर ती परत निघाली, तेव्हा ताईने विषय काढला.

"मला नको कळायला, आई," ती म्हणाली. "बाबांना कळलं, काय झालं?"

"त्यांना उशिरा कळलं गं."

"मला अजिबातच नको."

ताई दर रविवारी तिला फोन करते. हवापाणी होतं, शाळेचं होतं. मग ताई विचारते, "गेली होतीस का?" मुलगी म्हणते, "वह्या तपासायच्या राहिल्यात, ठेवते."

ताई मग फोन मांडीवर घेऊन तशीच बसून राहते. परवा मी समोरच होतो. उठून तिच्याजवळ जावं म्हटलं, तोवर तिची तीन बोटं पुन्हा डाव्या मुठीत गेली होती.